सायलेन्सरला कलम, शरीराला रकाना

नागपुरात सदरच्या रेसिडेन्सी रोडवरून फटाके फोडत बुलेट गेली, की वाहतूक पोलिसाला डोकं खाजवावं लागत नाही. "काहून बे, आवाज कशाचा?" एवढं विचारलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पुढं येतं. कंपनीनं दिलेल्या गाडीत मनमानी फेरफार चालत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीनं तर मालकाला दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी ऐसपैस सोय केली.

बुलेटवरच्या इसमाच्या फेरफारांसाठी मात्र असं एकच सुटसुटीत कलम नाही. गुडघा धातूचा, छातीत पेसमेकर, टकलावर नवी लागवड. आरटीओ हूं की चूं करत नाही. पण शरीर आपल्याच मालकीचं समजून त्यानं मूत्रपिंड विकायला काढलं, तर 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा त्याला 5 ते 10 वर्षं आत बसवू शकतो, वर किमान 20 लाखांचा दंड. सैन्यात जायचं तर कायमचं गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, किंवा तळहाताच्या पाठीवरच चालतं. आदिवासी उमेदवारांना परंपरेपुरती सूट आहे. बाकीच्यांनी देशासाठी छातीवर गोळी झेलावी, छातीवर मोर नको.

सरकारी नोकराची तऱ्हा याहून न्यारी. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका महिला शिपायानं 2017 साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. वैद्यकीय तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं होतं. म्हणजे निसर्गानं आपला शेरा आधीच मारला होता. पोलीस खात्याला काळजी वेगळीच. भरती महिला म्हणून झालेली, पुरुषांचे उंची-वजनाचे निकष निराळे, मग हा माणूस बसवायचा कोणत्या रकान्यात?

लिंगओळख ज्याची त्यानं ठरवावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 'नालसा' निकालात 2014 मध्येच सांगितलं होतं. तरी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तिथून, बाब नोकरीची म्हणून, 'मॅट'चा, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा रस्ता दाखवला गेला. सरकारची परवानगी येऊन मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा 2018 चा मे उजाडला होता.

केसांच्या लागवडीला असले फेरे नव्हते. अखेर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला जाग आली आणि त्यानं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत डॉक्टरांना एक गोष्ट लेखी समजावावी लागली : कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून केशरोपण सुरू करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही.