वसूलराव व्हेगासला जातात

वसूलराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. आमच्या कंपनीत, तुमच्या कंपनीत, हिंजवडीपासून खराडीपर्यंत जिथे जिथे वर काचेची इमारत आणि खाली चहाची टपरी आहे, तिथे हे गृहस्थ सापडतात. चाळिशी उलटलेली, पोट किंचित सुटलेलं, पद कसल्यातरी आर्किटेक्टचं. लग्नाच्या बुफेत भातापासून सुरुवात करणाऱ्याकडे ते कीव आल्यासारखं बघतात. भात काय, घरीही मिळतो. आधी पनीर, मग आइस्क्रीम, भूक उरलीच तर भात. त्यांच्या जीवनदृष्टीत याहून फारसं काही नाही, आणि त्यांना त्याची गरजही भासलेली नाही.

तर या वसूलरावांना कंपनीने एका वर्षी लास व्हेगासला ‘रीइन्व्हेंट’ला धाडलं. जायचं दुसऱ्याच कोणाला होतं, पण त्याचा व्हिसा अडकला आणि वसूलरावांकडे दहा वर्षांचा तयार होता. सोबत मी होतो, म्हणून हे लिहितो आहे.

रीइन्व्हेंट हा ॲमेझॉनच्या क्लाउडवाल्यांचा वार्षिक मेळा. 2012 साली पहिला भरला तेव्हा सहा हजारांच्या आसपास माणसं आली होती. 2024 पर्यंत आकडा साठ हजारांच्या घरात गेला. इतकी माणसं एका छताखाली मावत नाहीत, म्हणून तो व्हेगासच्या ‘स्ट्रिप’ नावाच्या रस्त्यावरच्या पाच-सहा हॉटेलांत विखरून भरतो. एका टोकाला मँडले बे, दुसऱ्या टोकाला व्हेनिशियन आणि विन, मध्ये पाचेक किलोमीटर. त्या वर्षी नुसत्या प्रवेशाचे 2,099 डॉलर. विमान, हॉटेल, जेवणखाण वेगळं. वसूलरावांनी ही रक्कम रुपयांत केली, पाच दिवसांनी भागली, मग रोजच्या बारा तासांनी भागली आणि कँटीनमध्ये कटिंग ठेवून जाहीर केलं, “तासाला तीन हजार रुपये पडतात. तिथे झोपणं म्हणजे पाप आहे.”

मग तयारी. मेळा डिसेंबरच्या तोंडावर, पण सेशनमधल्या जागा ऑक्टोबरातच राखून ठेवाव्या लागतात, आणि बऱ्या सेशनच्या जागा बघता बघता संपतात. तिथली सकाळ म्हणजे आपली रात्र. वसूलराव त्या रात्री स्वतःचा लॅपटॉप, बायकोचा लॅपटॉप आणि मुलाचा टॅब घेऊन बसले. मुलाची दुसऱ्या दिवशी सहामाही होती. प्रत्येक सेशनला एक आकडा असतो: शंभरच्या मालिकेतलं नवख्यांसाठी, चारशेच्या मालिकेतलं मुरलेल्यांसाठी. वसूलरावांनी झाडून सगळी चारशेची घेतली. मी म्हटलं, “अहो, यातले चार विषय तुम्ही आयुष्यात हाताळलेले नाहीत.” ते म्हणाले, “शंभरचं घेतलं काय नि चारशेचं घेतलं काय, पैसे तेवढेच ना?” याला उत्तर नाही. मी अजून शोधतो आहे.

त्याच सुमारास ते एका सर्टिफिकेशनच्या अभ्यासाला लागले. चाळिशीतला माणूस पहाटे उठून परीक्षेची तयारी करतो याचं आम्हाला कौतुक वाटलं. खरं कारण विमानात कळलं. परीक्षा पास झालेल्यांसाठी तिथे वेगळी बसायची सोय असते, आणि तिथे खाऊ ठेवलेला असतो.

मेळा नेमका थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. थँक्सगिव्हिंग गुरुवारी, आणि शुक्रवार तो ब्लॅक फ्रायडे, म्हणजे अख्खी अमेरिका सेलला बाहेर पडते तो दिवस. गुरुवारी पोहोचणारं तिकीटच कंपनीला कसं स्वस्त पडतं, हे वसूलरावांनी तीन पानी तक्त्याने ट्रॅव्हल डेस्कला पटवून दिलं. जाताना त्यांच्या मोठ्या बॅगेत एक लहान बॅग होती, आणि लहान बॅगेत भडंग आणि मेतकूट. येताना दोन्ही बॅगा स्वतंत्र आल्या, आणि वजनकाट्यापाशी त्यांनी तीन जाकिटं अंगात घातली ती वेगळी.

सेशन्सच्या वेळांचा त्यांनी केलेला एक्सेलचा तक्ता मात्र सोमवारी दुपारपर्यंतसुद्धा टिकला नाही. मँडले बेमधलं सेशन अकराला संपतं, व्हेनिशियनमधलं साडेअकराला सुरू होतं. कागदावर मध्ये अर्धा तास दिसतो. प्रत्यक्षात मँडले बेच्या सभागृहातून बसपर्यंत जायलाच पाव तास लागतो, आणि बस स्ट्रिपवरच्या रहदारीत पुण्याच्या विद्यापीठ चौकाची आठवण करून देते. व्हेनिशियनमध्ये शिरलं की पुढचा प्रश्न. सभागृहाकडे जायची वाट कॅसिनोतून जाते. कॅसिनोत घड्याळ नाही, खिडकी नाही, आणि कोणत्याही दिशेला वळलं तरी समोर जुगाराचं यंत्रच येतं. वरच्या मजल्यावर रंगवलेलं आभाळ, खाली खरा कालवा, त्यात गोंडोला, आणि गाणारा नावाडी. या नावाड्याला आम्ही तिसऱ्यांदा दिसलो तेव्हा त्याने गाणं थांबवून हात केला. चौथ्यांदा वसूलरावांनीच त्याला केला.

शिवाय साडेतेरा तासांचा फरक. तिथे दुपारचे दोन म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेतीन. जेवणानंतरच्या चारशेच्या सेशनमध्ये दिवे मंद होतात, खुर्ची मऊ असते, वक्ता डेटाबेसच्या अंतरंगात शिरतो आणि वसूलराव निद्रेच्या. मी त्यांना हलवलं नाही. तासाला तीन हजारांची झोप सगळ्यांच्या नशिबी नसते.

जागे असत तेव्हा ते प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत. मागच्या रांगेतल्यांना सबंध सेशन त्यांच्या कोपरामधून बघावं लागे. ही मोठी सेशन्स रेकॉर्ड होतात आणि थोड्याच दिवसांत यूट्यूबवर फुकट येतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूवर त्यांचा विश्वास असतो तो फक्त ती हातात मिळाली तर. उलट ‘चॉक टॉक’ नावाचा एक प्रकार तिथे असतो: लहान खोली, एक पांढरा फळा, समोर ॲमेझॉनचे जाणकार, आणि आपल्या घरचं दुखणं मांडून विचारायची मुभा. हे रेकॉर्ड होत नाही, म्हणजे तिथे जाऊनच ऐकायला हवं. यातलं एक वसूलरावांच्या तक्त्यात चुकून आलं होतं. ते त्यांनी रद्द केलं. “स्लाइड नाहीत म्हणे. मग फोटो कशाचे काढायचे?”

मुख्य भाषणाला त्यांनी पहाटे पाचला रांग धरली. 2016 साली याच मंचावर डेटा वाहून नेणारा अख्खा ट्रक चालवत आणला होता, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ती सेवा 2024 मध्ये बंदही झाली, हे मी सांगून पाहिलं. “तरी काय सांगता येतं,” ते म्हणाले. ट्रक आला नाही. एआय आला, दोन तास.

वसूलराव खरे खुलले ते एक्स्पोमध्ये. हे म्हणजे शेकडो कंपन्यांच्या स्टॉलचं प्रचंड दालन. इथला व्यवहार सोपा आहे: तुम्ही गळ्यातला बिल्ला पुढे करायचा, स्टॉलवाला तो स्कॅन करतो, तुमचं नाव-गाव-पद त्याच्या यादीत जातं आणि तुमच्या हातात टी-शर्ट येतो. टी-शर्ट नसेल तर मोजे. या धंद्याला मोज्यांचं इतकं प्रेम का, हे मला आजवर कोणी समजावून दिलेलं नाही. वसूलराव स्टॉलसमोर उभे राहत, हात मागे बांधत, पडद्यावरच्या आलेखाकडे बघून “इंटरेस्टिंग” म्हणत आणि मान तिरकी करत. समोरचा पोरगा विचारी, “तुमच्याकडे खरेदीचा निर्णय कोण घेतं?” वसूलराव क्षणभर थांबत आणि जड आवाजात सांगत, “मी.” पुण्यात ज्यांना नव्या माउससाठी दोन सह्या लागतात, त्यांच्या तोंडून हे ऐकताना अंगावर काटा आला. मग ‘टुक्’ असा आवाज, आणि एल साइज स्वतःला, एम मेव्हण्याला, एस मुलाला. याचं फळ पुढे मिळालं. परतल्यावर कितीतरी महिने त्यांना अमेरिकेतून रात्री अकराला फोन येत, आणि आतल्या खोलीत ते हलक्या आवाजात बजेटची अडचण सांगत.

पण जे सांगायचं आहे ते या एक्स्पोमध्येच घडलं. एका स्टॉलवर म्हणे लोकरीचे मोजे होते. रांग पाऊण तासाची. आजूबाजूचे सगळे फोनमध्ये बघत उभे. वसूलरावांच्या फोनची बॅटरी स्लाइडचे फोटो काढून संपलेली, आणि गप्प उभं राहणं त्यांच्या स्वभावात नाही. पुढे एक पन्नाशीच्या बाई होत्या, ब्राझीलच्या. वसूलरावांनी नाव विचारलं, गाव विचारलं आणि तिसरा प्रश्न टाकला, “तुमचं क्लाउडचं महिन्याचं बिल किती येतं?” परक्या माणसाला हे कोणी विचारत नाही. बाई हसल्या, आणि त्यांनी सांगितलं. मग वसूलरावांनी आमचं सांगितलं. त्या बिलातल्या ‘नॅट गेटवे’ नावाच्या एका ओळीवर वर्षभर बैठका चालल्या होत्या. बाईंनी एकच विचारलं, “तुमची एस-थ्रीची वाहतूक त्यातूनच जाते का?”

भानगड अशी: आतले सर्व्हर बाहेरच्या जगाशी नॅट गेटवेमधून बोलतात, आणि त्यातून जाणाऱ्या दर जीबीला पैसे पडतात, व्हर्जिनियाच्या डेटा सेंटरांत साडेचार सेंट. एस-थ्री हे ॲमेझॉनचंच कोठार. तरी वेगळी वाट करून दिली नाही तर त्याचा मालही याच गेटमधून जातो. परसातल्या विहिरीवर जायला खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरून वळसा घालावा, तसं. वेगळी वाट करायला पैसे पडत नाहीत. एक ‘गेटवे एंडपॉइंट’ उघडायचा आणि रूट टेबलला जोडायचा. ॲमेझॉनच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. पण कागदपत्रं फुकट असतात, ती वाचून काही वसूल झाल्यासारखं वाटत नाही.

बाईंना मोजे आधी मिळाले. त्यांनी मोज्यांचा पुठ्ठा काढला, त्याच्या पाठीवर दोन चौकोन आणि एक बाण काढला, आणि वसूलरावांच्या हातात देऊन त्या गर्दीत नाहीशा झाल्या. नंबर घ्यायचं वसूलरावांना सुचलं नाही. मोजे कोणत्या रंगाचे घ्यावेत याच्यात ते गुंतले होते.

पुण्यात आल्यावर त्यांनी वरिष्ठांसमोर भलंमोठं सादरीकरण केलं. त्यात मुख्य भाषण होतं, एआय होता, व्हेनिशियनचं आभाळसुद्धा होतं. पुठ्ठा नव्हता. मोज्यांच्या रांगेत ऐकलेली गोष्ट डायरेक्टरांना सांगायची तरी कशी? पुठ्ठा टपरीवर निघाला, चहाचे पैसे शोधताना खिशातून. टीममधल्या नव्या मुलीने अर्ध्या तासात ती वाट करून दिली. पुढच्या बिलात ती ओळ इतकी खाली आली की लेखा विभागाने चुकून काही बंद पडलंय का म्हणून विचारणा केली. आमच्या दोघांच्या जाण्यायेण्याचा खर्च उन्हाळ्याच्या आत निघाला. चारशेच्या मालिकेतलं एक अक्षरही त्यात नव्हतं.

तेव्हा यंदा कोणाला पाठवायचं असा विषय निघाला, तसं मी वसूलरावांचं नाव सुचवलं. परक्या माणसाला तिसऱ्या वाक्यात बिल विचारणारा दुसरा कोणी आमच्याकडे नाही. अट एकच घातली: एक्सेलचा तक्ता करायचा नाही, फळ्याच्या खोल्यांत बसायचं आणि उरलेला वेळ रांगांत काढायचा. साहेबांनी नाव मान्य केलं आहे. अट वसूलरावांनी मान्य केलेली नाही.