पोरांना जरा निसर्ग दाखवायचाय

आसनगावात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात नातेवाईक फुटतात. एप्रिल-मेमध्ये आमची कुणाला आठवण येत नाही. तेव्हा शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट बघणं चालू असतं, आणि हंड्यांची रांग हा काही मुलांना दाखवायचा निसर्ग नव्हे. पण मृगाचे चार शिंतोडे पडले, माहुलीच्या सुळक्यांवर ढग टेकला, की फोन सुरू. बोरिवलीची मावशी, दादरचा चुलतभाऊ, मुलुंडच्या वहिनींची कोणीतरी नणंद. "पोरांना जरा निसर्ग दाखवायचाय रे. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात."

आमच्याकडे यायला फारशी अक्कल लागत नाही. सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाडीच्या कपाळावरच आसनगाव लिहिलेलं असतं. हा मान जुना आहे. 1860 साली लोहमार्ग आमच्यापर्यंत आला आणि कसाऱ्याला पोचला तो 1861 च्या 1 जानेवारीला. मधले काही महिने रेल्वे आसनगावातच संपत होती. अर्ध्या मुंबईचा समज अजून तोच आहे, की इथे जग संपतं. पुढे आटगाव आहे, खर्डी आहे, हे सांगून पटत नाही. मुरबाडकरांचं बरं. त्यांच्या गावात अजून रेल्वेच नाही, त्यामुळे त्यांचे पाहुणे स्वतःच्या गाडीने येतात आणि परस्पर माळशेजला निघून जातात.

आमचे पाहुणे रविवारी सकाळी उतरतात ते मोहिमेवर निघाल्यासारखे. पोरांच्या अंगात रेनकोट, पायात गमबूट, हातापायांना डासांचं मलम. आणि प्रत्येक आई बजावत असते, "कुणी भिजायचं नाही हं!" निघालेत धबधबा बघायला.

रिक्षा ठरवताना मी बोलेन, तुम्ही गप्प बसा, असं सांगूनही चुलतभाऊ "मीटर नाही का?" विचारतोच. इथून पुढचं भाडं त्या प्रश्नासकट पडतं.

माहुलीच्या पायथ्याशी इतिहासाचं खातं माझ्याकडे. माहुली, भंडारगड, पळसगड असं हे त्रिकूट. या गडावर सहकुटुंब आलेलं सर्वांत थोर घराणं भोसल्यांचं. निजामशाही वाचवण्याच्या धडपडीत शहाजीराजे इथे आले, जिजाऊ आणि बाल शिवबा सोबत होते असं सांगतात, आणि 1636 साली मोगल व आदिलशाही फौजांनी गडाला वेढा घातला. एवढं मी अंगावर काटा आणून सांगतो. मग चुलतभावाचा धाकटा धबधब्याकडे बोट दाखवून विचारतो, "काका, हे पाणी बंद कधी करतात?"

"दसऱ्यानंतर."

"आणि चालू?"

"जूनमध्ये."

त्याचं समाधान होतं. देखभालीला एवढा वेळ लागायचाच.

कधी कधी धबधब्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई हुकूम असतो, आणि तो असावाच. शेवाळलेला खडक कुणाचा पाहुणा कोण ते बघत नाही. अशा वेळी मंडळी मोर्चा वळवतात रिसॉर्टकडे. तिथे भर जुलैत रेन डान्स असतो. बाहेर आभाळ फाटलेलं, आत पत्र्याच्या शेडखाली नळीतून पाऊस, आणि त्या पावसाचं माणशी तिकीट. शेडच्या बाहेर चिखलात लावणी चाललेली असते. तिथल्या बाया कमरेत वाकून, डोक्यावर इरलं घेऊन फुकटात भिजत असतात आणि मधूनच मान वर करून या नाचाकडे बघतात. त्यांच्या मनात काय येत असेल ते मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर छापता आलं नसतं.

चुलतभाऊ दर वेळी ओंजळीत पाणी धरून म्हणतो, "काय पाणी आहे रे! आमच्याकडे कुठलं असं?" अरे, हेच! तानसा 1892 पासून मुंबईला पाणी पाजतोय. भातसाचं पाणी धरणातून नदीत सोडतात, खाली पिसे इथे उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि याच्या न्हाणीघरात नेऊन सोडतात. घरी नळ उघडला की जे गाळून, पाइपातून, वरच्या मजल्यावर येतं, त्यात पाय बुडवायला हा माणूस पहाटे उठून तिकडून इकडे येतो. आणि मे महिन्यात टँकर येतो तो आमच्या तालुक्यात.

आता आमच्या मुलांचं ऐका. त्यांना डोंगर दाखवावा तर "हा तर रोज शाळेतून दिसतो." सहल म्हणजे त्यांच्या लेखी कल्याणचा मॉल. तिथला सरकता जिना वर, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि खरेदी काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत हट्ट असतो राणीच्या बागेचा. तानसा अभयारण्यातला बिबट्या आमच्या तालुक्याचा रहिवासी, पण आम्ही लोकलने भायखळ्याला जातो आणि रांग लावून काचेमागचा बिबट्या बघतो. बागेला नाव जिजाऊंचंच आहे, तेव्हा इतिहास सांगण्याची माझी हौस तिथेही भागते. परवा माझी लेक दादरच्या भावाला विचारत होती, "तुमच्याकडे लिफ्ट रोज असते?" त्याने ज्या कीव आलेल्या नजरेने तिच्याकडे बघितलं, त्याच नजरेने तिने त्याला धबधब्याचं वेळापत्रक ऐकताना बघितलं होतं. हिशेब फिटला.

घरी मात्र हिशेब फिटत नाही. "अहो, दहा माणसांच्या भाकऱ्या, वर शेवळाची भाजी त्यांना लागतेच, आणि ती साफ करून शिजवायला घरात मीच," असं ऐकू येतं. शेवळं नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो. एका रविवारी ती जरा कच्ची राहिली होती, आणि ते मुद्दाम होतं की नाही यावर आमच्या घरात चर्चा होत नाही. हल्ली सौ. दर शनिवारी पेपरात आधी मेगाब्लॉकची बातमी वाचते. राशिभविष्य नंतर. मेन लाइनला ब्लॉक असला की चहा आल्याचा मिळतो.

या रविवारचा ब्लॉक हार्बरला आहे.