बदली संच

एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. प्रस्तावित ६६० मेगावॅटच्या संचाची वाट पाहून लोकांचे डोळे शिणले. पण वसाहतीतल्या एका सुजाण कुटुंबाने सरकारवर विसंबून न राहता हस्की आणला. सायबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढणारी ही जात नाशिकच्या एप्रिलमध्ये बाल्कनीच्या गजाला बांधायची, ही दूरदृष्टी वंदनीय आहे. कोळसा नको, राख नाही, भारनियमन तर नाहीच. आजवरचे उत्पादन: अर्धा सोफा, फक्त उजव्या पायाच्या चपला आणि आजींची जपमाळ.

व्यायामही शास्त्रोक्त. साहेब स्कूटरवर, साखळी हँडलला, कुत्रा शेजारून धावतोय. पेट्रोल जळते, कुत्रा धापा टाकतो, साहेब ताजेतवाने. (मुळात ओढणारी जात, तेव्हा स्कूटर बंद ठेवावी आणि जमल्यास कोळशाच्या वाघिणीही जोडाव्यात, असा आमचा नम्र प्रस्ताव आहे.)

परवा साहेबांची शुगर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी बजावले, रोज पहाटे तासभर चाललेच पाहिजे. साहेबांनी सल्ला तत्काळ शिरोधार्य मानला.

दुसरा कुत्रा रविवारी येतोय.