मा. स्वयंचलित दुरुस्ती यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. स्वयंचलित दुरुस्ती,
मु. निळा पडदा (अलीकडे काळा),
हार्ड डिस्कचा राखीव कोपरा.

विषय : आपण करीत असलेल्या निदानाबाबत.
संदर्भ : आपलेच निवेदन, 'तुमचा पीसी नीट सुरू झाला नाही.'

महोदय,

स. न. वि. वि.

संदर्भातली बातमी आपण मोठ्या गांभीर्याने जाहीर करता. ती आम्हांला आपल्याआधी कळलेली असते. बटण आम्ही दाबलेले असते, पंख्याची घरघर आम्ही ऐकलेली असते आणि मार्चअखेर किंवा प्रवेश अर्जाची शेवटची तारीख आमच्याच मानगुटीवर बसलेली असते. मग आपण नवे काय सांगता? तर, रीस्टार्ट करून पाहा, त्याने कधी कधी अडचण सुटते. एवढा सल्ला सोसायटीचा वॉचमनही देतो. फरक इतकाच, की तो देण्यापूर्वी 'पीसीचे निदान करीत आहोत' अशी पाटी लावून अर्धा अर्धा तास ठिपके गोल फिरवत बसत नाही.

त्या ठिपक्यांचेही एकदा बोलायला हवे. ते पुढे सरकत नाहीत, मागे येत नाहीत, संपतही नाहीत. काम चालू आहे की आपला डोळा लागला, हे बाहेरून ओळखण्याची सोय नाही. पूर्वी डिस्कचा दिवा लुकलुकतोय का ते तरी पाहता येई. बऱ्याच लॅपटॉपांवरून आता तोही गेला.

यथावकाश निकाल लागतो : स्वयंचलित दुरुस्ती आपला पीसी दुरुस्त करू शकली नाही. हरकत नाही, अपयश कोणाला येत नाही! आमची तक्रार त्याखालच्या ओळीची आहे. तपशिलासाठी लॉग फाइल पाहा, असे सांगून आपण तिचा पत्ता देता : सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२, लॉगफाइल्स, एसआरटी आणि शेवटी 'एसआरटीट्रेल' नावाची मजकूर-फाइल. म्हणजे यंत्र का उघडत नाही, ते त्याच न उघडणाऱ्या यंत्राच्या पोटात लिहून ठेवले आहे. कपाटाची किल्ली कुठे ठेवली त्याची चिठ्ठी कुलूपबंद कपाटातच ठेवावी, तसला हा कारभार.

चिकाटी असेल तर तिथवर पोचता येते, हे मान्य. प्रगत पर्यायांतून कमांड प्रॉम्प्ट गाठायचा आणि तिथे 'नोटपॅड' असे टाइप करायचे. आपल्या राज्यात नोटपॅड चालते, हे आपण पडद्यावर कुठेच सांगत नाही. नोटपॅडातून सी ड्राइव्ह उघडावा, तर तिथे पुष्कळदा काहीच नसते. कारण आपल्या हद्दीत शिरल्यावर ड्राइव्हची अक्षरे बदलू शकतात आणि आमचा सी तिथे डी किंवा ई होऊन बसलेला असतो. पत्ता आपण दिलात आणि पाटीही आपणच बदललीत. एवढे करून फाइल सापडली, की आत चाचण्यांची लांबलचक जंत्री. अमुक तपासले, यशस्वी, त्रुटी क्रमांक शून्य. तमुक तपासले, यशस्वी, शून्य. आणि नशीब असेल तर तळाशी एक ओळ भेटते, की बूट होण्यासाठी अत्यावश्यक असलेली अमक्या नावाची फाइल खराब झाली आहे. हीच ती ओळ! हिच्यापायी माणसाची दुपार गेलेली असते. ही एक ओळ पडद्यावर छापायला जागा नव्हती. आपल्या शेजारच्या निळ्या पडद्यावर २०१२ सालापासून ते एवढेथोरले रडके तोंड काढायला मात्र होती.

२०१६ साली त्या तोंडाशेजारी क्यूआर कोड आला. मोबाइलने टिपला की सर्वांना सारखेच एक मदतपान उघडे. रोग कोणताही असो, काढा एकच. २०२५ मध्ये रडके तोंड गेले, निळा रंग जाऊन काळा आला. काळा हा आमच्याकडे निषेधाचा रंग. कोणी कोणाचा निषेध करायचा, एवढेच ठरायचे आहे.

आपले पूर्वज असे नव्हते. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या काळापासून यंत्र चालू होताच स्वतःची तपासणी करी आणि सगळे ठीक असले तर एकदाच 'पीं' करी. ठीक नसले तर ते किती वेळा आणि किती लांब ओरडते त्यावरून रोग कळे. एक लांब आणि दोन आखूड म्हणजे बहुधा ग्राफिक्स कार्ड. थांबून थांबून लांबच लांब म्हणजे बहुधा रॅम. कंपनीगणिक ही सांकेतिक भाषा बदले, तो ताप होताच; पण दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा पाठमोरा चहा पीत असला तरी नुसत्या आवाजावरून 'रॅम काढून लाव' म्हणून सांगे. फ्लॉपी आत विसरली तर 'नॉन-सिस्टिम डिस्क' अशा शब्दांत आमची कानउघाडणी होई. एक्सपीच्या काळात 'एनटीएलडीआर इज मिसिंग' हे वाक्य पाहून घाम फुटे, पण हरवलेल्या इसमाचे नाव तरी त्यात असे. आणि 'कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा' हा तर त्या पिढीचा अजरामर विनोद. हसता हसता निदान एवढे कळे, की दोष कीबोर्डात आहे. ते पूर्वज उद्धट होते, सभ्य आपण आहात; आणि काय बिघडले ते सांगत ते होते.

त्याच जमान्यात एफ८ होते. यंत्र रुसले की सुरुवातीलाच ते दाबायचे आणि सेफ मोडच्या खिडकीतून आत उतरायचे. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि ही खिडकी मुळातच बंद ठेवलेली मिळू लागली. कारण असे दिले गेले, की नवी विंडोज इतकी झपाट्याने सुरू होते की एफ८ दाबायला २०० मिलिसेकंदांहूनही कमी वेळ उरतो. यंत्र फार छान चालू होते, म्हणून न चालणाऱ्या यंत्राची वाट बंद! आता आपले दर्शन हवे असेल तर सुरू होऊ पाहणाऱ्या यंत्राचे बटण दाबून धरून ते मध्येच बंद पाडायचे. लागोपाठ दोन-तीनदा असे केले की आपण प्रकट होता. ही अफवा नव्हे, अधिकृत मदतपानावरचा उपाय आहे. याच कृत्याबद्दल पूर्वी संगणकाचे सर कान धरून उभे करीत.

बंद करण्यावरून आठवले. शटडाउन म्हटले की यंत्र बंद होते, अशी आमची भाबडी समजूत आहे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनच्या वेळी प्रणालीचा गाभा डिस्कवरच्या एका फाइलीत जसाच्या तसा झोपवला जातो आणि सकाळी तोच उठवून उभा केला जातो. काल रात्री बिघडलेला ड्रायव्हर आज सकाळी हजर. खरोखर कोरी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट करायचे. थोडक्यात, बंद केले की पूर्ण बंद होत नाही, आणि बंद न करता पुन्हा चालू केले की होते. हे घरातल्या आजोबांना समजावण्याची जबाबदारी आपण घ्यावी, आम्ही दमलो.

आपण म्हणाल, एखाद्या जुनाट पीसीवरून केवढा हा गहजब! तर १९ जुलै २०२४ आठवा. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने ग्राहकांच्या यंत्रांवर एक सदोष फाइल पाठवली. भारतात तेव्हा सकाळचे पावणेदहा वाजायला आले होते, म्हणजे कचेऱ्यांची कुलुपे उघडायची वेळ. पुढच्या सव्वा-दीड तासात ती मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रांना तिचा फटका बसला. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. उपाय एवढाच, की सेफ मोडमध्ये जायचे, ड्रायव्हर्सच्या फोल्डरात 'सी-०००००२९१' ने सुरू होणारी फाइल शोधायची, पुसायची, यंत्र पुन्हा चालू करायचे. एका फाइलीचे काम. आपण त्या दिवशी गैरहजर होता असे कोणी म्हणणार नाही. पडद्यांवर आपणच होता, ठिपक्यांसह. फाइल बहुतेक ठिकाणी माणसांनी पुसली, एकेका यंत्रापुढे खुर्ची ओढून.

त्यानंतर आपल्या घरी 'क्विक मशीन रिकव्हरी' नावाचा धाकटा भाऊ जन्मला. न उठणाऱ्या यंत्रातूनही इंटरनेट गाठून तो उपाय मागवू शकतो म्हणतात. बाळाचे स्वागत. थोरल्याचे वळण लागू देऊ नका.

आता तुलनेसाठी पेठेतला कुठलाही दुरुस्तीवाला घ्या. तो आधी वायर हलवून पाहतो. मग पेनड्राइव्ह, प्रिंटर, जे जे बाहेरून लावलेले ते काढतो, कारण यंत्र पुष्कळदा कुणीतरी विसरलेल्या पेनड्राइव्हवरूनच उठायला बघत असते. मग तारीख पाहतो. ती भलत्याच वर्षातली निघाली तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर२०३२, संपला. तो घड्याळजीकडेही मिळतो. मग रॅमची पट्टी उपसतो, 'कार्बन आलाय' म्हणतो आणि खोडरबराने तिचे सोनेरी दात घासून पुन्हा बसवतो. रबराने मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे, असे जाणकारांचे मत आहे. ते बरोबरच आहे. पण कोकणातल्या पावसाळ्यात दुकानोदुकानी रबरच चालते आणि यंत्रे उठतात. रॅमची पट्टी नीट बसली आहे का, हे आपल्याला कितीही ठिपके फिरवून कळत नाही.

अगदीच हात टेकले तर तो म्हणतो, 'फॉरमॅट मारावं लागेल.' हे ऐकून पोटात गोळा येतो खरा, पण पुढच्याच श्वासाला तो विचारतो, 'डेटा काढून घ्यायचाय ना?' आपण रीसेटचे बटण पुढे करता. 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय निवडला तरी आम्ही स्वतः टाकलेले हिशेबाचे, मराठी टायपिंगचे, सारे प्रोग्राम जातात. त्यांची यादी आपण नंतर हातावर ठेवता, हे सौजन्य. आणि आपला नाद सोडून आम्हीच काळ्या खिडकीत बूट दुरुस्त करण्याची आज्ञा टाइप केली, तर उत्तर येते, 'ॲक्सेस इज डिनाइड.' यंत्र आमचे, हप्ते आमचे, परवानगी आपली.

सबब विनंती, की बिघाडाचे नाव पहिल्याच पडद्यावर लिहावे, आणि मराठी निवडलेल्या यंत्रावर कळेल अशा मराठीत लिहावे. जे आपण तपासतच नाही, म्हणजे वायर, सेल, रॅमची बैठक, ते तपासलेले नाही असे स्पष्ट सांगावे. जमणार नसेल तर पाच मिनिटांत हात वर करावेत. दुकाने रात्री नऊला बंद होतात.

आपला,
एक सक्तीचा प्रतीक्षार्थी

ता. क. (हे मान्यवरांसाठी नाही, वाचकांसाठी.) वाचकहो, हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपांची डिस्क तुम्हांला न विचारता कुलूपबंद केलेली असते, आणि यंत्र अडले की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आणि त्या खात्याचा पासवर्ड बहुधा कोणालाच आठवत नसतो. यंत्र चालू आहे तोवर आजच ती कागदावर उतरवून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.