फॉर्मॅट मारा!

पुण्यात इंजिनिअरिंगचं सत्र सुरू झालं की दोघांचा भाव वाढतो: कॉट बेसिसच्या खोल्यांचा आणि लिनक्स येणाऱ्या मित्राचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटर शाखेच्या प्रात्यक्षिकांच्या सूचनांत शिफारस छापलेली असते: ६४ बिटांची, मुक्त स्रोत लिनक्स प्रणाली. विद्यार्थी आज्ञाधारक. तो त्याच रात्री पेनड्राइव्ह लावून विंडोजच्या शेजारी उबुंटू बसवतो. लॅपटॉप चालू होतो, वॉलपेपर देखणा दिसतो आणि वरच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह बेपत्ता असतं. यावरचा उपाय इंटरनेटवर आहे आणि इंटरनेट वायफायवर. पूर्वी निदान नेटवर्कची वायर खोचता यायची. लॅपटॉप सडपातळ करण्याच्या नादात कंपन्यांनी ते भोकही बुजवलं.

मग सल्लागार जमतात. रूममेट म्हणतो, कार्ड उडालं. वरच्या मजल्यावरचे हिंजवडीवाले दादा म्हणतात, आमच्याकडे अशा वेळी सपोर्टला तिकीट टाकतात. घरून बाबा फोनवर म्हणतात, तरी मी सांगत होतो, चालत्या मशीनला हात लावू नये. शेवटी लॅपटॉप दुकानात जातो. तिथला मुलगा झाकण उघडायच्या आधीच निदान सांगतो: लिनक्स टाकलंय ना? फॉर्मॅट मारू.

आता हे शहर संगणकाला अनोळखी आहे असंही नाही. सी-डॅक १९८८ मध्ये इथेच सुरू झालं, परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये इथेच उभा राहिला. पाषाणला आयसरमध्ये परम ब्रह्म हा महासंगणक आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सशिवाय दुसरं काही सापडत नाही. कुठल्याही लिनक्सवर मराठी वाचताना वर्षानुवर्षं जे लोहित फॉन्ट समोर यायचे, ते रेड हॅटच्या पुण्याच्या कार्यालयातल्या मंडळींनी सांभाळले. मॉडेल कॉलनीत सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत ग्नुनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरचं संमेलन भरायचं, लिनक्स वापरणाऱ्यांचा गट तर जुनाच आहे. एवढं सगळं असून कोपऱ्यातलं एक चिन्ह गेलं की अख्खं शहर फॉर्मॅटवर येतं. महासंगणकाला वायफाय लागत नाही हे त्याचं नशीब.

गंमत अशी की बिचारं यंत्र आपल्याला काय होतंय ते स्वतःच सांगत असतं. टर्मिनल उघडून 'आरएफकिल लिस्ट' एवढं लिहिलं की दोन ओळी येतात: सॉफ्ट ब्लॉक्ड, हार्ड ब्लॉक्ड, आणि पुढे हो किंवा नाही. पहिलीपुढे 'हो' असेल तर रेडिओ एखाद्या प्रोग्रॅमने बंद केलाय, तो एका कमांडने सुटतो. दुसरीपुढे 'हो' असेल तर यंत्राच्या अंगावरचा एखादा खटका बंद आहे. जुन्या लॅपटॉपच्या कडेला असा सरकता खटका असायचा, बॅगेत घालताना हमखास सरकायचा. हल्ली विमानाचं चित्र असलेलं बटण असतं आणि आवाज कमी करताना बोट त्याच्यावर पडतं. आयुष्यात विमानात न बसलेले किती लॅपटॉप या शहरात एअरप्लेन मोडमध्ये आहेत, याची मोजदाद व्हायला हवी.

काही लॅपटॉपना तर खटका नसतोच, तरी तो बंद असतो. ही थट्टा नव्हे. लेनोवोच्या आयडियापॅड मालिकेतल्या अनेक मॉडेलांना कडेला काहीही नव्हतं. पण लिनक्सचा ड्रायव्हर आतल्या फर्मवेअरला विचारायचा, 'बाई गं, खटका कसा आहे?' आणि फर्मवेअर ठामपणे सांगायचं, 'बंद.' नसलेला खटका उघडणार कोण? लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणाऱ्यांनी मग बिनखटक्याच्या मॉडेलांची यादी ठेवायला घेतली. यादी लांबतच गेली, कंपनी नवी मॉडेलं काढतच राहिली. शेवटी त्यांनी नियमच उलटा केला: खटका खरोखर आहे अशी खात्री असलेली मॉडेलं तेवढी यादीत ठेवायची, बाकीच्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही. सरकारी कामकाजात ही बुद्धी अजून कुणाला सुचलेली नाही.

खटका निर्दोष निघाला तर पुढचा प्रश्न कार्ड कुणाचं. 'एलएसपीसीआय' या कमांडला '-एनएन' जोडून विचारलं की ती कंपनीचा क्रमांक सांगते. इंटेलचा ८०८६, म्हणजे आपल्याच गाजलेल्या प्रोसेसरचं नाव त्यांनी ओळख म्हणून घेतलंय. हौसेला मोल नसतं. इंटेलचं कार्ड बहुधा मुकाट चालतं. ब्रॉडकॉम निघालं तर चहा टाकायला हरकत नाही. या कंपनीने २०१० मध्ये काही चिपांचा ड्रायव्हर खुला केला आणि जगभरच्या लिनक्सवाल्यांनी आनंद साजरा केला. तुमच्या लॅपटॉपमध्ये असते ती नेमकी त्या 'काही'मधली नसते. तिला कंपनीचा बंद ड्रायव्हर लागतो. तो बसवला की लॅपटॉपचा पहारेकरी, सिक्युअर बूट, म्हणतो, याच्यावर सही कुणाची? सहीसाठी पासवर्ड ठरवायचा, मशीन पुन्हा चालू करायचं, मग एक निळा पडदा येतो आणि पहिला पर्याय 'पुढे चला' असा असतो. सगळे पुढे चालतात. ड्रायव्हर मागेच राहतो.

डेबियन नावाच्या लिनक्सने तर याहून मोठं तत्त्व पाळलं. कार्डाच्या पोटात भरायचं फर्मवेअर मुक्त नाही, सबब ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येणार नाही. मग ते आणायचं कुठून? इंटरनेटवरून. कशाने? वायफायने. २०२२ मध्ये या सज्जनांनी रीतसर मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत फर्मवेअर आत आलं. तोवर किती तत्त्वनिष्ठांनी विंडोजवाल्या बायकोच्या लॅपटॉपवरून गुपचूप फर्मवेअर उतरवलं, ते पेनड्राइव्हलाच माहीत.

आता विंडोजच्या बाजूचाही थोडा हिशेब. शटडाउन केलं की विंडोज बंद होते, हा आपला भाबडेपणा आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर फास्ट स्टार्टअप आलं, तेव्हापासून ती पूर्ण मिटत नाही, डुलकी काढते. झोपताना काही वायफाय कार्डं ती अशा अर्धवट अवस्थेत टाकून जाते की मागून उठलेल्या लिनक्सला ती जागी करता येत नाहीत. पॉवरच्या सेटिंगमधली एक खूण काढली की काम होतं. पण खूण काढायला आधी गुन्हा विंडोजचा आहे असं वाटायला हवं ना! विंडोजवर वायफाय गेलं तर ते आपलं नशीब, लिनक्सवर गेलं तर आपलं चारित्र्य.

दुकानातल्या फॉर्मॅटने हे बरं होतं का? सॉफ्टवेअरचं दुखणं कधीकधी होतं, पुरावाही पुसला जातो. पण लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या चौकटीत असतो. तिथून दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी, एक पांढरी, बिजागरीतून खाली उतरतात आणि इवल्याशा गोल टोपणांनी कार्डावर बसतात. पंख्याची धूळ काढताना त्या निघतात आणि नेहमी परत बसतातच असं नाही. मग राउटरला मांडी लावून बसलं तरच नेट येतं. या वायरी फॉर्मॅटने जागेवर जात नाहीत, तरी फॉर्मॅट होतो. तो करताना वर्षभराचं जर्नल, प्रोजेक्ट आणि कुणाच्या तरी मुंजीचे फोटो जातात. बिलात मात्र 'सर्व्हिस चार्ज' येतो.

लिनक्सभक्तांनी यावर गालात हसू नये. त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'हे कार्ड घेतलंसच का?' जणू लॅपटॉप घेताना माणूस कार्डं हुंगून बघतो. बरं, बदलू म्हटलं तर काही थिंकपॅड नवं कार्ड बघून १८०२ क्रमांकाची एरर दाखवायचे आणि चालूच व्हायचे नाहीत. बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असायची. कार्ड चांगलं आहे, भाडंही भरतंय, पण मालकाला 'आपल्यातलंच' हवं. पुण्यात घर शोधलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

वायफाय सुरू होईपर्यंतची सोय अगदी साधी आहे. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडायचा, यूएसबी टेथरिंग चालू करायचं. अँड्रॉइड असेल तर लिनक्स विनातक्रार ओळखतं, नेट सुरू होतं आणि हवा तो ड्रायव्हर उतरतो. याला पैसे पडत नाहीत, म्हणून हे कुणी सांगत नाही. सांगतात ते तापकीर गल्लीत जाऊन स्वस्तातलं डोंगल घ्यायला. त्यातली काही लॅपटॉपला लावल्यावर आधी आपण वायफाय आहोत हे कबूलच करत नाहीत. ती सांगतात, मी सीडी ड्राइव्ह आहे, माझ्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला आहे. मग लिनक्सला त्या न दिसणाऱ्या सीडीला 'बाहेर ये' असा हुकूम सोडावा लागतो, तेव्हा कुठे डोंगल मूळ रूपात येतं. हे दुकानदाराला सांगून बघा. तो डोंगल हातात घेईल, उलटसुलट करून पाहील आणि म्हणेल, 'डोंगल ओके आहे. तुमचं मशीनच फॉर्मॅट मारावं लागेल.'