अर्जदार तेच, ऑर्डरदार तेच

(चाळीच्या तळमजल्याची खोली. टेबलावर पोळपाट, परात, झाकलेला टोप, रबर बँडचा डबा. खुर्चीच्या पाठीला हेल्मेट अडकवलेलं. बाई पदर खोचून येते. एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात कागद.)

बसा, बसा मंडळी. सभा आठची होती, आता पावणेनऊ झाले. माझं काही म्हणणं नाही, तेवढीच कणीक मुरली. अध्यक्षसाहेब, वाचू ना अर्ज? माझ्याविरुद्धचा आहे, पण चष्मा माझ्याकडेच आहे.

(वाचते) "विषय : तळमजल्यावरील चपाती-भाजी केंद्रामुळे होणारी वाहतूक कोंडी."

(कागद खाली करते) कोंडी? घोडपदेवात? माझ्या चपातीमुळे?

अहो, दारूखान्यातून सळया भरून ट्रक निघतो. सळया मागून बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं. तो रामभाऊ भोगले मार्गावर वळायला लागला की ड्रायव्हर पोचतो कॉटन ग्रीनच्या बाजूला आणि फडकं असतं अजून रे रोडला. त्याच्यामागं पाण्याचा टँकर, टँकरमागं शाळेची बस. लगेच आपले दुसऱ्या मजल्यावरचे काका बनियनवर खाली उतरतात. (दोन्ही हात हलवत) "आने दो, आने दो, आने दो..." (थबकते) "अरे ठोकलीस की रे!" ट्रक येईपर्यंत हिंदी, ठोकल्यावर मराठी. आणि एवढ्या सगळ्या रामायणात दोषी कोण? तर भेंडीच्या भाजीचं पार्सल.

बरं, अर्ज आत्ताच का? तर पालिकेची मुदत संपली ७ मार्च २०२२ ला आणि निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं गाऱ्हाणं घालायला नगरसेवकच नव्हता. मंडळींनी तक्रारी लोणच्यासारख्या मुरवल्या. मतदान झालं, बरणी उघडली, पहिली फोड माझी!

(कागद उलटते) आता सह्या बघू. पहिली सही, अध्यक्षसाहेब. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी, दाणकूट जास्त, मिरची कमी. दुसरी सही, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. रोज सहा चपात्या, "घडी घालू नका हं, पाहुण्यांना घरच्या सांगते." तिसरी सही काकांची. बुधवारी सुकट. काकूंना कळू द्यायचं नाही म्हणून पार्सलवर मेथी लिहायचं. काकू, तुम्ही इथंच आहात होय? (घाईनं) मेथीच होती ती. वास सुकटीचा होता, एवढंच.

मंडळी, हा अर्ज नाही, ही माझी उधारीची वही आहे!

पुढं लिहिलंय, "सदर बाईंकडे परवाना आहे काय?" आहे ना! (पोळपाटाखालून कागद काढते) मुंबई महानगरपालिका अधिनियम, सन १८८८. खानावळीचा परवाना त्याच्यातल्या ३९४ कलमात. राणी व्हिक्टोरिया गेली, गिरण्या गेल्या, ट्राम गेली, कलम जागेवर आहे. शिवाय अन्नसुरक्षेची नोंदणी. तिचा नंबर १४ आकडी! तुमचा मोबाइल १० आकडी, तुमचं आधार १२ आकडी. म्हणजे सरकारदरबारी तुमच्यापेक्षा माझी चपाती दोन आकड्यांनी मोठी.

(टोपाचं झाकण उचलते) आता रस्सा. पूर्वी पातळ पिशवीत ओतला, गाठ मारली, दिला. २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आली. पहिल्यांदा सापडलात तर ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिने आत. चांगला कायदा आहे. पावसाळ्यात आपलं गटार कशानं तुंबतं ते मी रोज बघते. मी कापडी पिशव्या शिवून आणल्या. तर वहिनी म्हणतात, (नाजूक आवाजात) "अय्या, पिशवी किती छान! पण रस्सा यातनं गळेल ना?" मग डबा आणा. "डबा घासायला लागतो हो." म्हणजे पृथ्वी वाचवायची, पण भांडी घासायची नाहीत!

अर्जात एक सूचनाही आहे. (वाचते) "बाईंनी आपला धंदा अन्यत्र, हातगाडीवर न्यावा." नेते की. पण कुठं न्यायची गाडी? २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं अंतरं घालून दिली. देऊळ, शाळा, हॉस्पिटल यांच्यापासून १०० मीटर लांब. रेल्वे स्टेशन आणि मंडईपासून १५० मीटर लांब. मी भाच्याला टेप देऊन पाठवलं. घोडपदेवाच्या देवळापासून शंभर मोजले, तर पुढं शाळा. शाळेपासून शंभर मोजले, तर दवाखाना. दवाखान्यापासून पुढं गेला तर रे रोड स्टेशन. तिथनं दीडशे मोजून पोरगं उभं राहिलं, दम खाल्ला, तर कोपऱ्यावर नवीन देऊळ! शेवटी फोन आला, (ओरडून) "मावशी, जागा मिळाली! पण भरती आली की कमरेपर्यंत पाणी येतंय!"

आणि जागा तरी केवढी? एक मीटर बाय एक मीटर. (खडूनं जमिनीवर चौकोन आखते, आत उभी राहते, स्वतःकडे बघते) यात मी मावले तर शेगडी बाहेर. शेगडी मावली तर मी बाहेर. पण ती अडचणच नाही, कारण रस्त्यावर शिजवायलाच बंदी!

(जरा थांबते) यातल्या एका गोष्टीवर मी हसणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. त्यानंतर १ नोव्हेंबरला हायकोर्टानं स्टेशनपासून दीडशे मीटरचा नियम पुन्हा बजावला. बरोबर केलं. जिना मोकळाच पाहिजे. माझं एवढंच म्हणणं, की माणसानं कुठं उभं राहायचं नाही हे सांगितलंत, तसं कुठं राहायचं हेही सांगा. २०१४ साली फेरीवाल्यांचा कायदा आला तो ह्याच्यासाठीच, जागा आखून देण्यासाठी.

(फोन वाजतो : टिंग!) माफ करा हं. ऑर्डर आहे. (चष्मा सावरते) दोन चपात्या, एक बटाटा भाजी, पत्ता... (हळूच वर बघते) दुसरा मजला. काका, सभेत बसून?

मंडळी, हे नीट समजून घ्या. माझी खोली तळमजल्यावर. काकांची खोली डोक्यावर. त्यांनी वरून हाक मारली तर मला ऐकू येते, मी भाजीला फोडणी दिली तर त्यांना ऐकू येतं. पण काका ऑर्डर टाकणार मोबाइलवर. मग कॉटन ग्रीनला उभं असलेलं पोरगं बाइकला किक मारणार. नकाशा त्याला मागच्या गल्लीत नेणार. तिथं ट्रक. मग उलट्या बाजूनं येणार, तिथं हवालदार. हेल्मेट पाहिजे, मागं बसणाऱ्यालासुद्धा पाहिजे, ९ जून २०२२ पासून. (खुर्चीवरचं हेल्मेट काढून पार्सलवर ठेवते) मागच्या सीटवर माझी बटाटा भाजी असते, तिलाही घातलं! गाडी लावायची कुठं? पालिकेनं ७ जुलै २०१९ पासून सार्वजनिक वाहनतळाच्या ५०० मीटरच्या आत चुकीच्या जागी गाडी लावली तर दंड काढला होता. तेव्हा दुचाकीलाच ५ हजारांपासून पुढं! पोरगं तीस-पस्तीस रुपये मिळवायला येतं आणि दंडाच्या भीतीनं एक पाय बाइकवर, एक पाय माझ्या उंबऱ्यावर ठेवून ओरडतं, (एका पायावर उड्या मारत) "मावशी, जल्दी! मावशी, टाइम जा रहा है!" पार्सल घेऊन पळत जिना चढतं. काका दार फटीएवढं उघडून म्हणतात, (नाकातून) "किती उशीर! आणि ती बाइक कुणाची आहे रे खाली? रस्ता अडलाय!"

(खुर्चीवर बसते, उंडा मळायला घेते)

आमच्या आत्याबाई याच खोलीत खानावळ चालवायच्या. गिरणीच्या पाळीप्रमाणं पंगत. पहिल्या पाळीचा माणूस उठला की त्याच पाटावर दुसऱ्या पाळीचा. साताऱ्याचा, कोकणातला, घाटावरचा गडी, गावाकडं बायकापोरं ठेवून आलेला. पगार झाला की पैसे, तोवर विश्वास. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या दारात उभ्या राहणाऱ्या खानावळवाल्या बायका बँकेच्या दारात उभ्या राहिल्या. मग १८ जानेवारी १९८२. संप. गिरणीचा भोंगा थांबला तसा आमचा तवाही थांबला. उधाऱ्या राहिल्या, गडी गावाला गेले. आत्याबाईंनी एकाचीही वही फाडली नाही आणि एकाच्याही दारात वसुलीला गेल्या नाहीत.

आता बघा गंमत. २७ जानेवारी २०२० पासून सरकारनं मुंबई चोवीस तास उघडी ठेवायची म्हटलं. कुठं? मॉलमध्ये आणि गिरण्यांच्या आवारात! म्हणजे गिरणीत तिसरी पाळी परत आली. फक्त आता सूत नाही, पास्ता. आणि त्या पाळीला जेवू घालणारी बाई मात्र वाहतुकीला अडथळा.

(टिंग! फोन बघते) तिसरा मजला. वहिनी, सहा चपात्या. (टिंग!) अध्यक्षसाहेब, तुम्हीपण? आज गुरुवार नाही! (टिंग! टिंग!) अहो, अर्जावरच्या सह्या एकेक करून फोनवर यायला लागल्या!

(उठते. लाटणं हातात.)

तेव्हा आता माझा ठराव. इतिवृत्तात लिहून घ्या.

एक, फाटकाजवळ दोन बाइक मावतील एवढी पिवळी चौकट आखून मागायची. संध्याकाळी सात ते दहा, पार्सलसाठी. अर्ज मी लिहिते, सह्या तुमच्या. सराव आहे तुम्हाला.

दोन, काकांनी ट्रकला "आने दो" म्हणायचं नाही. आधी लोखंड जाऊ दे, मग मोठेपण.

तीन, या इमारतीतल्या माणसानं मोबाइलवर ऑर्डर टाकायची नाही. जिना उतरायचा, स्वतःचा डबा आणायचा आणि घरी जाऊन स्वतः घासायचा. रस्ता मोकळा, प्लास्टिक बंद, पोराचा दंड वाचला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं फुकटात झालं.

आणि चार. ज्यांनी अर्जावर सही केलीय, त्यांनी रांगेत शेवटी उभं राहायचं. अध्यक्षसाहेब, तुम्हीसुद्धा. चला, डबे आणा, तवा तापलाय.