आमच्या औंढ्याला

"ज्या गावात देऊळच फिरलेलं हाय, तिथल्या माणसानं अजून फिरायला कुठं जायचं?"

हा गुरुजींचा सवाल. पुण्याच्या मुलानं कंबोडियाच्या सहलीचे पैसे भरले, पासपोर्ट आला, काकूंनी धपाट्यांचं पीठ दळून आणलं, तरी सवाल कायम होता. आमच्या हिंगोली जिल्ह्यात त्याला उत्तर द्यायची कुणाची छाती नाही. नामदेव महाराज औंढ्या नागनाथापुढं कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागं हाकललं आणि देऊळच त्यांच्याकडं तोंड करून वळलं, ही कथा इथलं लेकरू दुधाबरोबर पितं. पुरावा मागितलाच तर नंदी दाखवतात. देऊळ फिरलं, नंदी जागेवर राहिला, म्हणून तो मागच्या बाजूला.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. "जिल्हा फिरला, मी नंदीसारखा जाग्यावरच," असं ते तेव्हापासून सांगत आले आहेत. निवृत्त झाले ते केंद्रप्रमुख म्हणून. केंद्रप्रमुखाचं काम म्हणजे शाळांना भेटी द्यायच्या आणि शेरेबहीत शेरा मारायचा. नोकरी सुटली, शेरा सुटला नाही. खिशाला आजही दोन पेनं असतात, एक निळं आणि एक लाल. पिशवीत दोनशे पानी वही. कुणाच्या लग्नाला गेले तरी मांडवातून बाहेर पडायच्या आत नोंद होते: "विवाहास भेट दिली. वधूवर योग्य. वरणात मीठ कमी. संबंधितांस सूचना दिल्या."

आम्ही चोवीस जण होतो. हिंगोली, वसमत, कळमनुरी आणि थोडे नांदेडचे. नांदेडहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमानानं बँकॉक आणि पुढं सिएम रीप. 'आमच्या औंढ्याला' हे दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले ते बँकॉकच्या विमानतळावर. पासपोर्ट तपासायची रांग बघून सगळे हबकले होते. गुरुजी शांत. "ही काय रांग हाय? आमच्या औंढ्याला श्रावण सोमवारी येऊन बघा." आणि त्यांनी रांगेत उभ्या उभ्या धपाट्याचा डबा उघडला.

सिएम रीपला स्थानिक गाईड भेटला. पंचविशीतला, हसऱ्या तोंडाचा, पर्यटकांकडून उचललेली हिंदी बोलणारा पोरगा. त्यानं छातीशी हात जोडून नमस्कार केला. आमच्या टूर मॅनेजरनं गुरुजींची ओळख करून दिली, "ये टीचर थे." तसे त्या पोरानं जोडलेले हात छातीपासून उचलून थेट नाकापर्यंत नेले. म्हणाला, "लोक क्रू!"

चौकशी केली तेव्हा कळलं की तिकडं शिक्षकाला 'क्रू' म्हणतात, आणि हा शब्द आपला 'गुरू'च. सोबत्याला हात जोडायचे ते छातीशी, आईबापाला आणि गुरूला नाकाशी, देवाला कपाळाशी. गुरुजींनी वही काढली. "शिस्त उत्तम. आपल्या केंद्रात लागू करण्याजोगी."

मग बसमध्ये शाळाच भरली. ख्मेर लिपीचं एक अक्षर वाचता येईना, म्हणून लाल पेन कासावीस झालं होतं. गुरुजींनी त्या पोराला मुळाक्षरं म्हणायला लावली. त्यानं सुरुवात केली आणि गुरुजी सीटवरून उठले. क्रम तोच! क, ख, ग, घ, ङ! फक्त 'ग'च्या जागी तो 'को' म्हणत होता. "क्रम बरोबर, उच्चार कच्चा," असा निकाल देऊन गुरुजींनी त्याच्याकडून तीनदा 'ग' घोटून घेतला. शतकानुशतकं ज्या देशात 'ग' मुकाट्यानं बदलत गेला, त्या देशात तो अर्ध्या तासात दुरुस्त करायला निघालेला हा पहिलाच केंद्रप्रमुख.

दुसऱ्या दिवशी अंगकोर वाट. 'अंगकोर' म्हणजे 'नगर'च, हे कळल्यावर गुरुजींनी मान डोलावली, जणू काही हिंगोलीचं आदर्श नगरच. सूर्यवर्मन दुसरा या राजानं बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे विष्णूचं देऊळ उभं केलं. भोवतीचा खंदकच जवळजवळ १९० मीटर रुंद. मधला कळस जमिनीपासून ६५ मीटर उंच. आम्ही आ वासून बघत होतो. गाईड सांगत होता, "इकडची बहुतेक देवळं पूर्वेकडं तोंड करून आहेत. हे मात्र पश्चिमेकडं. का, यावर विद्वानांमध्ये वाद आहे. कुणी म्हणतं ती विष्णूची दिशा, कुणी म्हणतं हे राजाचं समाधिमंदिर."

गुरुजी हसले. ज्याला पेपर आधीच ठाऊक आहे अशा पोराचं ते हसू होतं. "विद्वानांना म्हणावं, वाद बंद करा. मागच्या अंगाला कीर्तन कुणी केलं तेवढं शोधा."

मॅनेजरनं घाम पुसत हे हिंदीत सांगितलं. गाईडनं आदरानं लिहून घेतलं. आमच्यातले एक बँकवाले हळूच म्हणाले, "गुरुजी, नामदेवांचा जन्म १२७० चा. हे देऊळ त्याच्या शंभर वर्षं आधीचं."

"कथेला सनावळी लावू नका," गुरुजी म्हणाले, "न्हाईतर आमचा नंदी उठून जाईल."

आत भिंतीवर समुद्रमंथनाचं शिल्प आहे, जवळजवळ ४९ मीटर लांब. एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मधे विष्णू आणि दोर म्हणून वासुकी. लोक फोटो काढत होते. गुरुजी बोटानं मोजत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले. २०११ साली राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली होती, तेव्हापासून कुठंही रांग दिसली की ते डोकी मोजतात. गाईडनं आकडा सांगितला, असुर ९२, देव ८८. गुरुजींचं मोजून झालेलं होतं. शेरा पडला: "असुर पूर्ण उपस्थित. देवांपैकी चार गैरहजर. कारण विचारावे."

सगळ्यात वरच्या गाभाऱ्याकडं जाणारा जिना भलताच उभा. काकू खालीच थांबल्या. गुरुजी एका हातानं पायजमा सावरत, कठडा धरत वर गेले आणि दम खात म्हणाले, "आमच्या औंढ्याला देवाला भेटायचं तर वाकून जमिनीखाली उतरावं लागतंय. इथं आभाळात चढावं लागतंय. गुडघ्यांची दक्षिणा दोन्हीकडं सारखीच."

बायोनला दगडी मनोऱ्यांवर चारी दिशांना मोठमोठे मंद हसणारे चेहरे आहेत. सातव्या जयवर्मननं बाराव्या शतकाच्या अखेरीस हे उभारायला घेतलं. चेहरे दोनशेच्या घरात आणि सगळे एकसारखे. गुरुजी बराच वेळ चष्म्याच्या वरून बघत राहिले. "एकच पोरगं दोनशे जाग्यावर दाखवलंय," ते शेवटी म्हणाले. "पटपडताळणीत पहिल्या दिवशी सापडलं असतं."

ता प्रोमला झाडांनी देवळाला विळखे घातलेत. भिंतीवर मांड ठोकून बसलेली मुळं, अजगरासारखी. तिथं भारताचं पुरातत्त्व खातं दुरुस्तीचं काम करतंय हे कळल्यावर गुरुजींची छाती फुगली. तरीही शेरा पडलाच: "वृक्षारोपण कौतुकास्पद, परंतु जागेची निवड चुकली."

वाटेवर जिथं तिथं कठड्यांवर सात फण्यांचे दगडी नाग. नागाला तिकडं 'निएक' म्हणतात. गाईडनं त्यांच्या देशाची जन्मकथा सांगितली. कौंडिण्य नावाचा ब्राह्मण भारतातून गलबतानं आला, त्यानं नागराजाच्या मुलीशी लग्न केलं, आणि सासऱ्यानं समुद्राचं पाणी पिऊन खालची जमीन लेकी-जावयाला दिली. तोच हा देश.

"म्हंजे ही आपली सासुरवाडी!" गुरुजी ओरडले. नागनाथाच्या गावचा माणूस, त्यामुळं नाग त्यांच्या घरचे होतेच, आता सासरेही निघाले. त्या संध्याकाळपासून त्यांनी हॉटेलात दुसरा चहा हक्कानं मागायला सुरुवात केली. धोंड्याचा महिना नव्हता, नाहीतर वाणही मागितलं असतं. जेवणात नारळाच्या दुधातलं, केळीच्या पानात वाफवलेलं 'आमोक' आलं, तेव्हा शाकाहारी आहे याची तीनदा खात्री करून त्यांनी एक घास घेतला. डोळे मिटले. "हळद हाय. पण वसमतची न्हाई." वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हे त्यांनी वाढणाऱ्या मुलीला शुद्ध मराठीत समजावून सांगितलं. ती हात जोडून हसली. काकूंनी पिशवीतून पुडी काढून तिच्या हातावर ठेवली.

कुलेन डोंगरावर मात्र गुरुजी गडबडले. ८०२ साली दुसऱ्या जयवर्मननं इथंच स्वतःला चक्रवर्ती जाहीर केलं. तिथल्या नदीच्या पात्रात, वाहत्या पाण्याखाली, खडकावर शेकडो शिवलिंगं कोरलेली आहेत. पाणी त्यांच्यावरून वाहत शेतांना जातं. आम्ही बूट काढून पाण्यात उतरलो. गुरुजी काठावरच.

"काऊन हो गुरुजी, या की!"

"पाय कुठं ठेवू?"

आम्ही गप्प. औंढ्यातच विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजले होते. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय ठेवील तिथं पिंड उगवायला लागली. आमच्या जिल्ह्यात ही गोष्टही सगळ्यांना पाठ आहे. गोष्टीतली अडचण पायाखाली आलेला माणूस मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो. गुरुजींनी काठावरूनच ओंजळभर पाणी डोळ्याला लावलं. त्या दिवशी त्यांनी औंढ्याचं नाव काढलं नाही.

शेवटचा मुक्काम नॉम पेन्हला. गाईड म्हणाला, एक शाळा बघायची आहे. गुरुजींची वही लगेच बाहेर आली, टोपी सरळ झाली.

तीन मजली इमारती, लांब व्हरांडे, मधे मैदान. कुठल्याही तालुक्याच्या गावी असतं तसं हायस्कूल. १९७५ मध्ये ख्मेर रूज सत्तेवर आले आणि त्यांनी या शाळेचा तुरुंग केला. वर्गखोल्यांत विटांच्या भिंती घालून माणूस जेमतेम मावेल एवढ्या कोठड्या. १९७९ पर्यंत बारा हजारांहून जास्त माणसं इथं आणली गेली, त्यांतली फारच थोडी वाचली. शिकलेल्या माणसांवर त्यांचा विशेष राग होता. गाईड एका वर्गाच्या दारात थांबून म्हणाला, "मेरे नाना भी क्रू थे. गाँव के स्कूल में. ले गए, फिर घर नहीं आए."

भिंतीवर फोटोंच्या रांगाच रांगा. गुरुजींनी मोजले नाहीत. त्या पोराकडं वळून त्यांनी हात जोडले, छातीशी जोडले आणि सावकाश नाकापर्यंत नेले. "आमचेच की रे ते," एवढंच म्हणाले. मॅनेजरला त्याचं हिंदी करावं लागलं नाही. रात्री वही उशाशी उघडीच राहिली होती. पानावर तारीख होती, आणि खाली दोनच ओळी: "शाळेस भेट दिली. शाळा आहे."

परत येऊन तीन-चार महिने झाले. परवा पाहुण्यांना घेऊन औंढ्याला गेलो. देवळाच्या मागच्या बाजूला नंदीपाशी घोळका जमला होता. मधोमध गुरुजी.

"तुम्हाला काय वाटतंय, देऊळ फिरलं हे इथंच झालं? आमच्या अंगकोरला बी देऊळ पश्चिमेला तोंड करून हाय. अन् नाग? इथं काय, आमच्या अंगकोरला सात-सात फण्यांचे नाग रस्त्याच्या कडेला पडल्यात!"

घोळक्यातला एक म्हातारा वारकरी वैतागून म्हणाला, "अहो गुरुजी, एवढं हाय तर ऱ्हायलात काऊन न्हाई तिकडंच?"

गुरुजींनी खिशातलं लाल पेन चाचपलं. "सासुरवाडीला किती दिस ऱ्हायचं?" म्हणाले, आणि नंदीच्या पाठीवर थाप मारून आम्हाला दर्शनाच्या रांगेकडं घेऊन निघाले. रांग लांबलचक होती. "ही काय रांग हाय?" त्यांनी सुरुवात केली. "आमच्या बँकॉकला..."